प्रोस्टेट कर्करोगाच्या अहवालातील अँड्रोजेन रिसेप्टरची ओळ कशी वाचावी

संप्रेरक रोखणारे उपचार सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षे खाली बसलेला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींचे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) पुन्हा वर सरकू लागतो, डॉक्टर रक्तातील डीएनए तपासून घ्यायला सांगतात, आणि काही आठवड्यांनी हाती पडलेल्या जाडजूड अहवालातील एका तक्त्यात एवढेच छापलेले असते : एआर, एल७०२एच, ४.२ टक्के. एआर म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर, पुरुषी संप्रेरकांचा निरोप पेशीत पोहोचवणारे प्रथिन. शेजारी ‘म्युटेशन’, म्हणजे जनुकातील बदल, हा शब्द असतो आणि घरातल्या माणसांना त्यातून फक्त आजार वाढल्याचे कळते. वास्तविक त्या ओळीत याहून पुष्कळ अधिक माहिती असते. कर्करोगाच्या पेशींनी कोणत्या औषधाच्या दबावाखाली हा बदल टिकवून धरला, ते औषध आता नुसते निकामी झाले आहे की आजारालाच हातभार लावत आहे, आणि पुढे कोणत्या वाटेने जाण्यात अर्थ आहे, याचा बराच अंदाज त्या ओळीवरून बांधता येतो. अट एकच : ती ओळ एकटी वाचायची नाही. रुग्णाने आजवर घेतलेल्या औषधांची यादी शेजारी ठेवूनच ती वाचायची. हे मार्गदर्शन रुग्णाच्या नातेवाइकांसाठी आणि त्यांना समजावून सांगणाऱ्या कुटुंबवैद्यांसाठी आहे. औषध सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

आधी औषधांचा कागद

एका कोऱ्या कागदावर प्रत्येक औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख, थांबवल्याची तारीख, सुरू करतानाचा पीएसए, त्या औषधावर गाठलेला सर्वांत खालचा पीएसए आणि थांबवतानाचा पीएसए लिहून काढावा. फाइलमधील चिठ्ठ्यांवर तारखा सापडत नसतील तर औषधाच्या दुकानाची बिले काढून बसावे; त्यांवर तारीख हमखास असते. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन किंवा डेगारेलिक्स यांपैकी टेस्टोस्टेरॉन खाली आणणारे कोणते इंजेक्शन चालू होते आणि एखादी खेप चुकली होती का, हे लिहावे. वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची तारीख टाकावी.

या कागदावर एक गोळी हमखास राहून जाते, ती म्हणजे प्रेडनिसोलोन. अबिराटेरोन या संप्रेरकनिर्मिती थांबवणाऱ्या औषधाबरोबर दिली जाणारी ही छोटी गोळी घरच्यांना ‘सोबतची’ वाटते, म्हणून तिचे नाव कोणी सांगत नाही. पुढे दिसेल की एल७०२एच या बदलाच्या बाबतीत सारी गोष्ट याच गोळीभोवती फिरते. सांध्यांसाठी किंवा दम्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडही म्हणून नोंदवावे. अबिराटेरोन जेवणापूर्वी घेतले जात होते की जेवणानंतर, हेही लिहावे. अन्नासोबत घेतल्यास ते कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात उतरते आणि त्यामुळे ‘नेहमीची मात्रा’ या शब्दांचा अर्थच बदलतो.

अहवालाकडे वळण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, रक्तातील टेस्टोस्टेरॉन. ते दर डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तरच ‘संप्रेरक बंद असूनही आजार वाढतो आहे’ असे म्हणता येते. ते त्यापेक्षा वर असेल तर दोष बहुधा चुकलेल्या इंजेक्शनचा असतो आणि रिसेप्टरच्या म्युटेशनची चर्चा तूर्त बाजूला ठेवावी लागते. दुसरी, पीएसएची वाढ खरी आहे का. वाढ सर्वांत खालच्या आकड्याच्या किमान २५ टक्के हवी, ती दर मिलिलिटरला किमान २ नॅनोग्रॅम हवी, आणि निदान तीन आठवड्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत तिची खात्री पटायला हवी. खालचा आकडा १.२ असेल तर २.१ पाहून घाबरण्याचे कारण नाही, ३.४ आणि तीन आठवड्यांनी ४.० आला, तर मात्र तिची दखल घ्यायलाच हवी.

रिसेप्टर नेमके काय करतो

प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो, हे शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्या कामासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरकाचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवतो तो अँड्रोजेन रिसेप्टर. हे सुमारे ९२० अमिनो आम्लांचे एक लांब प्रथिन आहे. त्याच्या शेवटच्या भागात एक खोबण असते. टेस्टोस्टेरॉन किंवा त्यापासून तयार होणारे, अधिक घट्ट चिकटणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन त्या खोबणीत बसले की प्रथिनाची बारावी पीळदार पट्टी डब्यावर झाकण बसावे तशी तिच्यावर येऊन बसते. झाकण नीट बसले की रिसेप्टर केंद्रकात जातो, दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवतो आणि डीएनएवर ठरावीक जागी चिकटून जनुके चालू करतो. त्या जनुकांपैकी एक असते केएलके३, आणि त्यापासून तयार होणारे प्रथिन म्हणजेच पीएसए.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली की पीएसएकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पीएसए कर्करोगाचे केवळ वजन सांगत नाही, तर रिसेप्टर कामावर आहे की नाही हेही सांगतो. टेस्टोस्टेरॉन तळाला असताना पीएसए चढतो आहे, याचा सरळ अर्थ असा की रिसेप्टर कोणत्या तरी दुसऱ्या वाटेने पुन्हा कामाला लागला आहे. ती वाट कोणती, हे अहवालात शोधायचे.

फ्लुटामाइड, बायकॅलुटामाइड, एन्झालुटामाइड, अपालुटामाइड, डॅरोलुटामाइड ही औषधे खोबणीत शिरून बसतात, पण झाकण नीट बसू देत नाहीत. अबिराटेरोनची तऱ्हा निराळी आहे. ते सीवायपी१७ए१ हे विकर बंद पाडून अधिवृक्क ग्रंथी, वृषणे आणि खुद्द गाठ या तिन्ही ठिकाणी संप्रेरक तयार होणेच थांबवते. म्युटेशन या दोन्ही तऱ्हांवर मात करू शकते आणि त्यासाठी त्याला रिसेप्टर मोडावा लागत नाही. खोबणीच्या आतील एखादे अमिनो आम्ल बदलते, खोबणीचा आकार किंचित बदलतो, आणि ज्याने झाकण अडवायला हवे त्याच्यावरच झाकण बसू लागते.

उपचार न झालेल्या गाठीत असे बदल क्वचितच सापडतात. संप्रेरकरोधक उपचारांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात मात्र ते सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत दिसतात. यावरून एक व्यावहारिक सूचना निघते : निदानाच्या वेळी, म्हणजे औषधे सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या बायोप्सीच्या ठोकळ्यावर एआरचे म्युटेशन शोधण्यात फारसा अर्थ नाही. जो बदल औषधाच्या दबावाखाली वर आला, तो त्या तुकड्यात सापडणार कसा? आजार वाढत असताना घेतलेला ताजा रक्ताचा नमुना किंवा नव्या जागेची बायोप्सीच उपयोगाची.

एका अक्षराचा बदल

हे सारे कसे घडते ते पाहण्यासाठी एक जुनी पेशीमालिका जवळून पाहण्यासारखी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग असलेल्या पन्नास वर्षांच्या एका रुग्णाच्या लसिका ग्रंथीतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या. एलएनकॅप या नावाने त्या जगभर वापरल्या गेल्या आणि आजही वापरात आहेत. या पेशींवर फ्लुटामाइडचे सक्रिय रूप टाकले की त्या दबण्याऐवजी वाढत. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांनीही त्या वाढत. उलगडा १९९० मध्ये झाला : या पेशींच्या एआर जनुकात ८७७ व्या जागेच्या तीन अक्षरांपैकी पहिले बदललेले होते. एसीटीचे जीसीटी झाले होते आणि थ्रिओनिनच्या जागी अॅलनिन आले होते. अॅलनिन आकाराने लहान असल्यामुळे खोबणीत जरा जास्त जागा झाली, आणि एरवी तिथे नीट न मावणारे रेणूही तिथे बसून झाकण ओढून घेऊ लागले.

या बदलाला टी८७७ए म्हणत. आजच्या अहवालांत तोच बदल टी८७८ए असा छापलेला दिसतो. पहिले अक्षर मूळच्या अमिनो आम्लाचे, मधला आकडा जागेचा, शेवटचे अक्षर नव्या अमिनो आम्लाचे, अशी ही लिहिण्याची रीत आहे. जुन्या लेखांत आणि नव्या अहवालांत आकडा एकाने पुढे-मागे दिसतो, कारण प्रथिनाच्या सुरुवातीच्या भागातील एकाच अमिनो आम्लाच्या रांगांची लांबी माणसागणिक कमी-जास्त असते आणि संदर्भ म्हणून आधी ९१९ लांबीचे, नंतर ९२० लांबीचे प्रथिन धरले गेले. म्हणून डब्ल्यू७४१सी आणि डब्ल्यू७४२सी, एफ८७६एल आणि एफ८७७एल, एच८७४वाय आणि एच८७५वाय, एल७०१एच आणि एल७०२एच या जोड्या म्हणजे प्रत्येकी एकच बदल. दोन अहवालांत आकडा एकाने वेगळा दिसला म्हणून नवे म्युटेशन आले असे समजू नये. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कुटुंबवैद्यांनी ती आवर्जून समजावून सांगावी असे मला वाटते.

आता ओळ आणि कागद शेजारी ठेवा

अहवालात टी८७८ए असेल तर कागदावर फ्लुटामाइड किंवा अबिराटेरोन शोधा. फ्लुटामाइडचे कारण वर आलेच. अबिराटेरोनचे कारण असे की ते संप्रेरकनिर्मितीची साखळी मधेच तोडते. तोडलेल्या जागेच्या मागे प्रोजेस्टेरॉन साठत जाते, आणि टी८७८ए असलेला रिसेप्टर नेमका प्रोजेस्टेरॉनवर चालतो. औषध आपले काम चोख करत असते, पण त्या कामाचाच उरलेला माल आजाराच्या उपयोगी पडतो.

डब्ल्यू७४२सी किंवा डब्ल्यू७४२एल असेल तर बायकॅलुटामाइडची नोंद पाहा. ट्रिप्टोफॅन हे सर्वांत मोठे अमिनो आम्ल. बायकॅलुटामाइडच्या रेणूचे एक कडे त्याला ढकलते आणि त्यामुळे झाकण बसत नाही. तिथे सिस्टीन किंवा ल्युसीनसारखे लहान आम्ल आले की त्या कड्याला जागा मिळते, झाकण बसते आणि रोखणारे औषध चालना देणारे ठरते.

एच८७५वाय हा बदल कोणत्याही एका औषधाशी बांधलेला नाही. तो रिसेप्टरला सैल करतो, आणि प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन, अधिवृक्क ग्रंथीतील दुबळी पुरुषी संप्रेरके, फ्लुटामाइड असे अनेक रेणू त्याला चालू लागतात. एफ८७७एल हा एन्झालुटामाइड आणि अपालुटामाइड यांच्याशी जोडला जातो. २०१३ मध्ये प्रयोगशाळेत तो अगदी स्पष्ट दिसला, तरी रुग्णांच्या रक्तात तो क्वचितच सापडतो. या औषधांनंतर आजार वाढला तर बहुतेक वेळा कारण दुसरेच असते. म्हणून तो अहवालात नाही यावरून ‘एन्झालुटामाइड अजून चालेल’ असा निष्कर्ष काढू नये.

आणि एल७०२एच. या बदलाने रिसेप्टर कॉर्टिसोलवर आणि त्याच्याच जातीच्या प्रेडनिसोलोनवर चालू लागतो. अबिराटेरोनने अधिवृक्क ग्रंथीची साखळी तुटली की रक्तदाब वाढणे, पोटॅशियम घटणे, पायांना सूज येणे असे त्रास होतात. ते टाळण्यासाठी प्रेडनिसोलोन दिलेच पाहिजे, आणि ते देणे पूर्णपणे योग्य असते. पण खोबण बदललेल्या पेशींना तेच खाद्य मिळते. अशा वेळी घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो ही गोळी आजच बंद करण्याचा. कृपया तसे करू नका. महिनोन्महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची स्वतःची कॉर्टिसोल बनवण्याची यंत्रणा मंदावलेली असते. गोळी एकाएकी थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. विचारायचा प्रश्न असा : “अहवालात एल७०२एच आहे, सध्याचे स्टेरॉइड बदलण्याचा किंवा स्टेरॉइड लागणार नाही अशा उपचाराकडे जाण्याचा विचार करता येईल का?” प्रेडनिसोलोनऐवजी डेक्सामेथासोन दिल्यावर काही रुग्णांचा पीएसए उतरल्याचे पाहण्यात आले आहे. एन्झालुटामाइडसोबत स्टेरॉइड द्यावे लागत नाही, हेही खरे. पण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल तर राहतेच, त्यामुळे प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

टक्के काय सांगतात

४.२ टक्के याचा अर्थ रक्तात सापडलेल्या डीएनएच्या त्या जागेच्या शंभर प्रतींपैकी चारांहून थोड्या अधिक प्रतींत हा बदल होता. उरलेला बराचसा डीएनए निरोगी पांढऱ्या पेशींचा असतो. म्हणून हा आकडा अहवालातील आणखी एका आकड्याशी ताडून पाहायचा : रक्तातील एकूण डीएनएपैकी कर्करोगाचा अंश किती. तो ५ टक्के असेल आणि म्युटेशन ४.२ टक्के असेल, तर बहुतेक कर्करोगपेशींत तो बदल आहे. अंश ४० टक्के आणि म्युटेशन ०.५ टक्के असेल, तर ते पेशींच्या एका लहान टोळीचे काम आहे आणि आजाराचा मुख्य भाग दुसऱ्याच वाटेने चालला आहे. एआरच्या बाबतीत हा हिशेब सरळ जमतो, कारण हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषात त्याची एकच प्रत असते. जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर मात्र हिशेब बिघडतो. कर्करोगाचा अंश अगदी कमी, जवळजवळ शून्य असेल, तर ‘म्युटेशन आढळले नाही’ या वाक्याला काहीच वजन राहत नाही. त्याचा अर्थ नमुन्यात पाहण्यासारखे काही उतरलेच नाही एवढाच.

एकाच अहवालात टी८७८ए आणि एल७०२एच दोन्ही असणे ही विरळा गोष्ट नाही. शरीरात वेगवेगळ्या जागी आजाराच्या वेगवेगळ्या शाखा वाढत असतात आणि रक्तात त्या सगळ्यांचा अर्क एकत्र येतो.

जे या ओळीत दिसत नाही

म्युटेशनपेक्षाही अधिक वेळा आढळणारी पळवाट म्हणजे जनुकाच्या प्रती वाढणे. औषधांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांत ती दिसते. रिसेप्टर इतके होतात की संप्रेरकाचा उरलासुरला अंशही त्यांना पुरतो. अहवालात ती ‘कॉपी नंबर’ किंवा ‘अँप्लिफिकेशन’ या शब्दांत वेगळ्या तक्त्यात असते. तो तक्ता वगळून पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट एआर-व्ही७. हे म्युटेशन नव्हे. जनुकावरून उतरवलेला निरोप वेगळ्या तऱ्हेने जोडला गेल्यामुळे खोबणीचा संपूर्ण भागच नसलेला आखूड रिसेप्टर तयार होतो. खोबणच नाही म्हटल्यावर संप्रेरकाची गरज नाही आणि खोबणीत बसणाऱ्या औषधाला जागाही नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एन्झालुटामाइड घेणाऱ्या ३१ पैकी १२ आणि अबिराटेरोन घेणाऱ्या ३१ पैकी ६ रुग्णांच्या रक्तातील कर्करोगपेशींत एआर-व्ही७ सापडले, आणि या अठरांपैकी एकाच्याही पीएसएने औषधाला दाद दिली नाही. हे शोधण्यासाठी आरएनए किंवा रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी तपासाव्या लागतात. नेहमीच्या डीएनए अहवालात ते दिसत नाही. आपली तपासणी कोणती होती, हे अहवालाच्या पहिल्या पानावर पाहून घ्यावे.

तिसरी शक्यता अशी की आजाराने रिसेप्टरचा आधारच सोडला आहे. टीपी५३ आणि आरबी१ ही दोन्ही जनुके गमावलेली दिसत असतील, आणि पीएसए फारसा न वाढता यकृतात किंवा इतरत्र गाठी झपाट्याने वाढत असतील, तर नव्याने बायोप्सी करण्याबद्दल विचारावे.

डॉक्टरांसमोर बसताना

जुने अँटिअँड्रोजेन, म्हणजे फ्लुटामाइड किंवा बायकॅलुटामाइडसारखे खोबणीत बसणारे औषध, चालू असतानाच आजार वाढला असेल तर पहिली पायरी ते थांबवण्याची असू शकते. फ्लुटामाइड थांबवल्यावर पीएसए आपोआप उतरतो, हे १९९३ मध्ये नोंदले गेले. बायकॅलुटामाइड शरीरातून हळूहळू जाते, म्हणून त्याचा परिणाम जोखण्यासाठी सहा आठवडे थांबतात, फ्लुटामाइडसाठी चार. असा उतार थोड्याच रुग्णांत दिसतो आणि तो काही महिन्यांचाच असतो, पण त्यासाठी काही खर्च येत नाही.

अबिराटेरोन संपले की एन्झालुटामाइड, किंवा उलट, अशी अदलाबदल सहज सुचवली जाते. दोन्ही औषधे त्याच रिसेप्टरच्या खोबणीवर भिस्त ठेवतात, हे आता वाचकाच्या लक्षात आले असेल. कार्ड या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तीत आधी डोसिटॅक्सेल घेतलेल्या आणि यांपैकी एका औषधावर वर्षभराच्या आत आजार वाढलेल्या २५५ रुग्णांपैकी काहींना कॅबाझिटॅक्सेल आणि इतरांना दुसरी गोळी दिली गेली. आयुर्मानाचा मध्य केमोथेरपीच्या गटात १३.६ महिने, तर गोळीच्या गटात ११ महिने आला. म्हणून “ही नवी गोळी रिसेप्टरच्या त्याच जागेवर काम करते का?” हे जरूर विचारावे. डोसिटॅक्सेल, कॅबाझिटॅक्सेल अशा टॅक्सेन गटातील केमोथेरपीला खोबणीतील बदलाने फरक पडत नाही. डॅरोलुटामाइड हे एफ८७७एल, टी८७८ए आणि डब्ल्यू७४२ येथील बदल असतानाही रिसेप्टर रोखते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण इतर गोळ्या निकामी झाल्यावर रुग्णांत ते तितकेच उपयोगी पडेल, असे त्यावरून धरून चालू नये.

त्याच अहवालातील बीआरसीए१, बीआरसीए२ आणि एटीएम या, डीएनएच्या दुरुस्तीशी संबंधित जनुकांच्या ओळी कदाचित एआरच्या ओळीपेक्षाही महत्त्वाच्या ठरतील, कारण त्यांवर ओलापॅरिबसारखे औषध उपलब्ध आहे. पीएसएमए (प्रोस्टेट कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिन) शोधणाऱ्या स्कॅनमध्ये गाठी उजळत असतील तर ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाचा पर्याय भारतातही काही केंद्रांत मिळतो. आणि विशेषतः खोबणीतील म्युटेशन असलेल्या रुग्णांसाठी सीवायपी११ए१ हे विकर रोखून कोलेस्टेरॉलपासूनच सारी स्टेरॉइडनिर्मिती बंद पाडणारे ओपेवेसोस्टॅट चाचण्यांत तपासले जात आहे. आपण ज्या केंद्रात जातो तिथे अशी चाचणी सुरू आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

मुलाला भीती वाटत असेल तर त्याला हेही सांगावे की गाठीत निर्माण झालेले एआरचे हे म्युटेशन आनुवंशिक नाही. तसेही बापाचे एक्स गुणसूत्र मुलाकडे जातच नाही, ते मुलीकडे जाते. बीआरसीए२मधील दोष मात्र वंशपरंपरेने आलेला असू शकतो. तो अहवालात असेल तर गाठीची नव्हे, तर जन्मजात जनुकांची वेगळी तपासणी करून घ्यावी, आणि मुलगे, मुली, भाऊ, बहिणी या सगळ्यांना ते कळवावे.

औषध बदलून काही महिन्यांनी आजार पुन्हा वाढला तर नवा नमुना द्यावा लागतो, कारण दबाव बदलला की आधीची शाखा मागे पडते आणि दुसरी वर येते. बायकॅलुटामाइडच्या काळात दिसलेले डब्ल्यू७४२सी ते औषध थांबल्यावर दिसेनासे होऊ शकते आणि त्या जागी एल७०२एच उगवू शकते. त्या दिवशी जुना अहवाल, नवा अहवाल आणि तो हाताने लिहिलेला औषधांचा कागद, तिन्ही सोबत न्यावेत.